अनारशांना लागणारा वेळ

‘स्ट्रक्चर्ड डेटा’ला मराठीत काय म्हणावं यावर मी बराच विचार केला. ‘संरचित विदा’ असा शब्द आहे म्हणे, पण तो ऐकला की मला सरकारी कचेरीतला जिनाच आठवतो. शेवटी मी मनातल्या मनात त्याला ‘बायोडेटा’ म्हणायला लागले. म्हणजे बघा, लग्नाच्या मुलीबद्दल तिची मावशी दोन तास न थांबता बोलू शकते. पण वधू-वर सूचक मंडळात ते दोन तास ऐकायला कुणी बसलेलं नसतं. तिथे एक कागद द्यावा लागतो. नाव, जन्मतारीख, उंची, शिक्षण, फोटो. मावशीचं बोलणं माणसांसाठी आणि कागद फायलीसाठी.

वेबसाइटचंही अगदी तसंच आहे. आपण पानावर लिहितो ते माणसांसाठी. ‘दोन वाट्या’ आणि ‘दोन तास’ यांतला फरक वाचणाऱ्याला सांगावा लागत नाही. यंत्राला मात्र अंदाज बांधावा लागतो. म्हणून पानाच्या पोटात, वाचणाऱ्याला दिसणार नाही असा एक कागद ठेवायचा. त्यावर एकेका रकान्यात लिहायचं, की ही पाककृती आहे, हे तिचं नाव, हे साहित्य, हा वेळ. मग शोधयंत्राला वाटलं तर ते निकालांच्या यादीत त्या पानाबरोबर पदार्थाचा फोटो, लागणारा वेळ, तारे-बिरे दाखवतं. ‘वाटलं तर’ हे महत्त्वाचं. कागद बिनचूक भरला म्हणजे स्थळ जमलंच, असं थोडंच असतं!

ही सगळी भानगड फार जुनी नाही. गूगलने असे सजवलेले निकाल दाखवायला सुरुवात केली २००९ साली. मग २०११ च्या जूनमध्ये गूगल, बिंग आणि याहू या एरवी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मंडळींनी एकत्र बसून ‘स्कीमा डॉट ऑर्ग’ नावाची एक सामाईक शब्दावली ठरवली. त्याच वर्षी रशियाचं यांडेक्सही त्यात आलं. कागद लिहायची जेसन-एलडी ही जी पद्धत आज सर्रास वापरतात, तिला डब्ल्यूथ्रीसीने २०१४ मध्ये प्रमाण म्हणून मान्यता दिली. हे सगळं हाताने लिहायचं तर महिरपी कंसांचं जंगल होतं. म्हणून प्लगिन. आपण फॉर्म भरायचा, कंस तो घालतो.

असो. एवढं पुराण सांगायचं कारण म्हणजे माझी एक छोटीशी साइट आहे. वर्डप्रेसवर. आईच्या वहीतल्या पाककृती मी तिथे जमेल तशा टंकून ठेवते. आई ७९ वर्षांची आहे, मिरजेला असते. मी पुण्यात. टोरांटोत राहणारी माझी भाची एकदा फोनवर म्हणाली, “मावशी, मी अनारसे शोधले तर जगातल्या सगळ्यांचे आले, फक्त आपल्या आजीचे नाही आले.” हे ऐकून मला जरा लागलं. प्लगिनने पान एकदम वर जातं असं नाही, हे मला ठाऊक होतं. पण निदान यंत्राला कळू तरी दे, की इथे अनारसे आहेत.

प्लगिन बसवायला पाच मिनिटं लागली. आधी साइटचा बॅकअप घेतला. मग शोधा, बसवा, चालू करा. पहिला प्रश्न आला, ही साइट व्यक्तीची की संस्थेची? व्यक्तीची. मग कळलं की माझी थीमसुद्धा आपल्या परीने एक कागद भरून ठेवत होती. एकाच पानावर दोन बायोडेटा, एकात ‘लेख’ आणि दुसऱ्यात ‘पाककृती’. थीमचा बंद केला. इथपर्यंत सगळं तांत्रिक, आणि खरं सांगायचं तर मजेचं होतं. मग मी ‘अनारसे’ हे पान उघडलं, खाली फॉर्म दिसला आणि मी भरायला बसले.

पहिलाच रकाना, तयारीचा वेळ.

आता अनारसे कुणी केले असतील तर त्यांना ठाऊक आहे. जुना तांदूळ तीन दिवस भिजत घालायचा. रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी उपसून पंच्यावर सावलीत पसरायचा, पुरता वाळू द्यायचा नाही, हाताला ओलसर लागला पाहिजे. मग दळायचा, चाळायचा, किसलेला गूळ आणि चमचाभर तूप घालून मळायचा आणि डब्यात दाबून ठेवायचा. चार-पाच दिवसांनी ते पीठ तयार होतं. म्हणजे नऊ दिवस झाले आणि अजून कढई चुलीवर चढलेली नाही! माझ्या प्लगिनमध्ये मात्र दोनच चौकोन होते, तास आणि मिनिटं.

आत यंत्र हा वेळ आयएसओ ८६०१ नावाच्या प्रमाण पद्धतीने लिहितं. पाऊण तास म्हणजे ‘पीटी४५एम’. पी म्हणजे कालावधी, आणि टी आला की पुढे तास-मिनिटं. त्या पद्धतीत दिवसांचीही सोय आहे, तीन दिवस म्हणजे ‘पी३डी’. प्रमाण ठरवणाऱ्यांना तीन दिवस लागू शकतात हे माहीत होतं, फॉर्म बनवणाऱ्याला नव्हतं. कदाचित त्याच्या घरी अनारसे होत नसतील. मी गुणाकार करून २१६ तास लिहिले.

मग आईला फोन केला.

“दोनशे सोळा तास?” आई म्हणाली. “अगं, मी काय तांदळापुढे बसून राहत होते का? पाणी बदलायचं आणि आपल्या कामाला लागायचं.”

“मग तुझा वेळ किती धरू?”

“माझा कशाला धरतेस? त्यात काय धरायचंय?”

मी काही बोलले नाही. पण तो फॉर्म समोर ठेवून मी जरा विचार केला. त्यात तांदळाच्या वेळेला जागा आहे, कढईच्या वेळेला जागा आहे. रोज सकाळी आठवणीने ते पाणी बदलणाऱ्या बाईच्या वेळेला स्वतंत्र रकाना नाही. तिचा वेळ कुठे तांदळात मिसळला, कुठे तुपात. आणि तिलाही तो वेगळा काढून दाखवावासा वाटत नाही.

पुढचा रकाना साहित्य आणि प्रमाण. आईच्या वहीत लिहिलंय, ‘तांदूळ चार मुठी, गूळ मावेल तितका, खसखस हाताला येईल तशी’. १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’त वाटी-चमच्याची मापं होती आणि त्याने कितीतरी नव्या सुनांची सोय झाली. आमच्या वहीत अजून वाटीही आलेली नव्हती. मूठच. पुढच्या खेपेला मिरजेला गेले तेव्हा मी स्वयंपाकाचा छोटा काटा बरोबर नेला आणि आईला म्हटलं, मूठ भर. तिने भरली. ६० ग्रॅम. पुन्हा भर. ५८. पुन्हा, ६१. मी थक्क झाले. काट्याला लाजवेल अशी मूठ! मी कौतुकाने ६० लिहायला घेतले, तर आई म्हणाली, “पण ही माझी मूठ आहे. वहीतली मूठ सासूबाईंची. त्यांचा हात मोठा होता.”

झालं! आता आजीची मूठ कुठून मोजायची? ती जाऊन तीस वर्षं झाली. आई म्हणाली, त्यांच्या चार मुठी म्हणजे माझ्या पाच, मी तशाच घेते. म्हणजे ३०० ग्रॅम. आणि ‘मावेल तितका’ गूळ म्हणजे पिठाच्या वजनाला थोडा कमी, असं आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. पन्नास-साठ वर्षं कुणी ठरवलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. पानावर मी दोन्ही ठेवलंय, ‘तांदूळ ३०० ग्रॅम (आजीच्या चार मुठी)’. कागदावर जे लिहाल ते पानावर वाचणाऱ्यालाही दिसलं पाहिजे, असा शोधयंत्राचा नियमच आहे. तो मला आवडला.

मग आला लेखकाचा रकाना. मी सहज आईचं नाव घातलं होतं. तिला दाखवलं तर ती जवळजवळ रागावलीच.

“माझी कुठली? सासूबाईंची आहे ती.”

“बरं, आजीचं घालते.”

“त्यांना तरी कुठे येत होती? शेजारी बेळगावच्या वहिनी राहायच्या, त्यांनी शिकवली.”

“त्यांचं नाव काय?”

आई थांबली. “बेळगावच्या वहिनीच म्हणायचे सगळे. नाव... नाही गं आठवत. कुणी विचारलंच नसेल.”

आजीच्या नावाचीही तीच गत. घरात तिला कुणी नावाने हाक मारल्याचं मी ऐकलेलं नाही. आजी, काकू, वहिनी, ‘अहो, ऐकलं का’. पूर्ण नाव आईने एका जुन्या रेशनकार्डावर शोधून काढलं. मी ते लेखकाच्या रकान्यात टंकलं आणि सेव्ह केलं. माझ्या माहितीत आजीचं नाव पहिल्यांदाच कशाची तरी कर्ती म्हणून कुठे लिहिलं गेलं असेल.

बेळगावच्या वहिनींसाठी प्लगिनमध्ये जागा नव्हती. पण मूळ शब्दावलीत आहे. ‘लेखक’ याखेरीज ‘हातभार लावणारी व्यक्ती’ असा एक रकाना तिथे आहे, आणि ‘हे कशावर आधारलेलं आहे’ असाही एक आहे. फॉर्ममध्ये नाही म्हणून तो नाहीच असं नव्हे. ऑफिसातल्या एका मुलाच्या मदतीने चाइल्ड थीममध्ये सात-आठ ओळी घातल्या. आता त्या कागदावर लेखक आजी, हातभार बेळगावच्या वहिनी आणि माझी आई, आणि आधार आईची वही असं लिहिलेलं आहे. शोधनिकालात यातलं काही दिसणार नाही. न दिसू दे. कागद खरा आहे.

तारे मात्र मी घातले नाहीत. प्लगिनमध्ये सरासरी आणि मतांची संख्या हाताने लिहायची सोय आहे. ४.९ आणि १२७ असं काहीतरी ठोकून दिलं असतं तर फॉर्मने तक्रार केली नसती. पण ती मतं खऱ्या वाचकांची असायला हवीत असा नियम आहे, आणि नियम नसता तरी १२७ माणसं मी कुठून आणणार होते? आईला मी विचारलं, तुझ्या अनारशांना कोण काय म्हणायचं? ती हसली. “म्हणतंय कोण? चुकलं तर म्हणायचे. चांगलं झालं की आणखी एक मागायचे.” तो रकाना मी रिकामा ठेवला.

राहिला फोटो. पाककृतीच्या कागदाला सक्तीच्या गोष्टी दोनच, नाव आणि फोटो. बाकी सगळं असलं तर बरं. फोटो नसला की तपासणीत लाल फुली येते. आणि फोटो त्याच पदार्थाचा हवा. वहीच्या पिवळ्या पानाचा सुंदर फोटो माझ्याकडे होता, पण वही म्हणजे काही अनारसा नव्हे. आमच्या घरी शेवटचे अनारसे झाले होते २०२३ च्या अधिक श्रावणात, आणि तेव्हा फोटो काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. म्हणजे आता करणं आलं. आईचे हात हल्ली थरथरतात. कढईपुढे उभं राहू नकोस असं आम्ही सगळे तिला बजावत असतो. मी फोनवर जरा चाचरतच विषय काढला, “फोटोपुरते चार-पाच करू या का?”

“चार-पाचाला नऊ दिवस?” ती म्हणाली. “करायचे तर नीट करू.” आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तांदूळ भिजत घातले होते.

पीठ तयार झालं त्या शनिवारी मी मिरजेला गेले. आई खुर्ची घेऊन गॅसजवळ बसली आणि मी उभी राहिले. तिने सांगायचं, मी करायचं. खसखशीवर थापायचं, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचं, उलटायचं नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. जाळी पडायला लागली की आच सांभाळायची. यातलं ‘उलटायचं नाही’ हे वहीत नव्हतं. ‘निघाल्यावर झाऱ्यावर उभे करून निथळायचे’ हेही नव्हतं. तिसराच अनारसा तुपात पसरला.

“हसला,” आई म्हणाली. अनारसा विरघळून पसरला की आपल्याकडे तो ‘हसला’ म्हणतात, किती छान शब्द आहे ना! मी तो गाळून बाजूला काढला. आणखी दोन हसले, मग आईने पिठात चिमूट-दोन चिमूट कोरडी तांदळाची पिठी घालायला लावली आणि पुढचे सगळे शहाण्यासारखे तळले गेले.

निथळत होते तेवढ्यात मी लॅपटॉप उघडून शेवटचा रकाना काढला. किती होतात? वहीत आकडा होता ४१. मी आईला म्हटलं, “हे असं ४१ का गं? चाळीस नाही, पन्नास नाही.”

“अधिक महिन्यात जावयाला ३३ द्यायचे. आणि घरात माणसं आठ, त्यांना एकेक. झाले ४१.”

मी मनात मोजायला लागले. आजोबा, मोठे काका, बाबा, धाकटे काका, आम्ही चार मुलं. आठ. पुन्हा मोजलं. आठच.

“आई, यात आजी नाही. तू नाहीस. काकू नाही.”

“आम्हाला हसलेले असायचे ना,” आई अगदी सहज म्हणाली. “चवीला तेच असतात. खरं तर जास्त तूप प्यायलेले, चांगलेच लागतात.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती बशीतला हसलेला अनारसा उचलून खायलाही लागली होती, म्हणजे चवीबद्दल ती खरंच बोलत असावी. मलाच काही सुचेना. इतकी वर्षं ती वही मी वाचतेय, ४१ हा आकडा मी स्वतःच्या हाताने टंकलाय. पानावर तो नुसता आकडा होता. फॉर्मने ‘वाढणी’ असं वेगळं विचारलं म्हणून तो उलगडला. आणि गंमत म्हणजे ज्याने तो रकाना केला त्याला फक्त कॅलरींचा भागाकार करायचा असणार.

आम्ही ताटातले मोजले. नीट झालेले ४४ आणि हसलेले ३. मी रकान्यात ४७ लिहिलं. आईने चष्मा लावून पडद्याकडे बघितलं. “हसलेले कशाला धरलेस? लोक म्हणतील, बाईला येत नाहीत.”

“असू दे,” मी म्हटलं. “खाल्लेत ना कुणीतरी.”

ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “मग खाली लिही तसं. दोन-तीन हसतात म्हणून. नव्या मुली घाबरतात, पीठ टाकून देतात.” ते मी लिहिलं. कोरडी पिठी घालायचंही लिहिलं. तिने नीट झालेल्यांपैकी एक माझ्या हातात ठेवला आणि मी एक तिच्या हातात ठेवला. तिने तो खाल्ला, मात्र आधी बशीतला हसलेला संपवून.

रात्री फोटो चढवला आणि तपासणीच्या पानावर पत्ता टाकला. लाल काही नाही. पिवळ्या सूचना चार. तारे नाहीत, व्हिडिओ नाही, कॅलरी नाहीत, कीवर्ड नाहीत. त्या पिवळ्या सूचना म्हणजे चूक नसते, ‘हेही भरलंत तर बरं’ एवढंच. आई शेजारी बसून विचारत होती, पास झालं का? मी म्हटलं, झालं.

त्या पानाचा फोटो शोधनिकालात दिसायला लागला की नाही, ते मी रोज बघते असं नाही. भाचीला मी पत्ताच पाठवून दिला, तिने तांदूळ भिजत घातलेत. वहीत अजून साठ-सत्तर पाककृती आहेत आणि प्रत्येकीचा फॉर्म भरायचा आहे. पुढची सांडग्यांची आहे. तिच्यापुढे ‘माणसे सहा’ असं लिहिलंय. ते सहा कोण, हे आईला अजून विचारायचंय.

तुमच्या घरी अशी एखादी वही असेल आणि ती लिहिणारी किंवा वापरणारी कुणी समोर असेल, तर प्लगिन बसवा किंवा बसवू नका. पण त्यातला एखादा आकडा दाखवून हा एवढाच का, इतकं जरूर विचारा.